हँडल मोकळं, गाडी न्यूट्रलमध्ये

३ फेब्रुवारी, सोमवार

शेवटी पार्किंगचं लोढणं माझ्याच गळ्यात आलं. सभेत जो जास्त तोंड उघडतो त्यालाच काम चिकटवायचं, ही आमच्या इमारतीची जुनी खोड. तिसऱ्या मजल्यावरच्या रेडिओनं माझं नाव सुचवलं आणि सगळ्यांनी अशा काही टाळ्या वाजवल्या की जणू माझं लग्न ठरलंय. हा रेडिओ म्हणजे निवृत्त तिकीट क्लार्क. दिवसभर गॅलरीत उभं राहून एकाच्या घरचं दुसऱ्याच्या घरी पोचवतो, म्हणून हे नाव.

तरी काम मनापासून करायचं ठरवलंय. आज दुकान लवकर बंद केलं, पत्र्याचा बोर्ड आणला आणि स्वतः रंगवला. इमारतीच्या बाजूला चिंचोळी पट्टी आहे, तिथे दुचाक्यांच्या दोन रांगा लागतात. आतली भिंतीला चिकटून, बाहेरची तिच्या तोंडावर. बाहेरच्या गाड्या हलवल्याशिवाय आतली एकही निघत नाही. म्हणून आमच्याकडे पहिल्यापासून एक रीत आहे, तीच मी मोठ्या अक्षरात लिहिली: 'बाहेरच्या रांगेत हँडल मोकळं, गाडी न्यूट्रलमध्ये.' म्हणजे ज्याला निघायचं त्यानं पुढची गाडी हातानं ढकलावी, वाट करावी, परत जागेवर लावावी. कुणी कुणाला हाका मारायच्या नाहीत, हॉर्न वाजवायचे नाहीत. खाली लिहिलं, 'दुसऱ्याची गाडी आपली समजून हलवा.'

सिस्टर खाली उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "अरे काचवाल्या, अक्षर बरं आहे रे तुझं. चष्मे विकण्यात फुकट घालवलंस." तळमजल्यावर एकट्या राहतात. आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होत्या, आता सत्तरी उलटली तरी स्कूटरवरून घरोघरी इंजेक्शनं द्यायला, पट्ट्या बदलायला जातात. त्यांची स्कूटर आतल्या रांगेत, कोपऱ्यात. सगळ्यात चांगली जागा, सावलीची. तिच्यासमोर बाहेरच्या रांगेत माझी मोटरसायकल.

८ फेब्रुवारी, शनिवार

टाकीवर ओरखडा! चांगला वीतभर लांब. कुणाच्या तरी पिशवीची चेन लागली असणार. कोण ते कोण कबूल करणार? 'दुसऱ्याची गाडी आपली समजून हलवा' हे लिहिणारा मीच, त्यामुळे तक्रार तरी कुठल्या तोंडानं करू?

या वयात मोटरसायकल घेतली म्हणून ही अजून फुरंगटून आहे. म्हातारचळ म्हणते. मी म्हणतो हौस. जुनी असली तरी काय गाडी आहे! सुरू केली की छाती भरून येते. ओरखडा दाखवला तर म्हणाली, "अंगावर तर नाही ना उठला?"

९ फेब्रुवारी, रविवार

पॉलिश करून ओरखडा थोडा बुजवला. संध्याकाळी गाडी लावताना हँडल लॉक केलं. चारदोन दिवसच. साइड स्टँडवर गाडी उभी असली की हँडल असंही डावीकडे झुकलेलंच असतं, त्यामुळे लॉक आहे का नाही ते हात लावल्याशिवाय कळत नाही. आणि सिस्टर साडेदहाशिवाय निघत नाहीत, तोवर मी दुकानात पोचलेला असतो. कुणाचं काय अडणार आहे?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज नको ते झालं.

सकाळी डबा तयार व्हायला उशीर झाला. मी जिना उतरत होतो तेवढ्यात खाली धाडकन आवाज. धावत गेलो. माझी मोटरसायकल आडवी, आणि तिच्याखाली सिस्टरांचा पाय. त्या ओरडत नव्हत्या. तोंडातल्या तोंडात "उचल, उचल" म्हणत होत्या.

उचलायला गेलो तर हँडल वळेना. लॉकच होतं ना! खिशातून किल्ली काढली, लॉक उघडलं, हँडल सरळ केलं आणि जोर लावून गाडी उभी केली. मग सिस्टरांना बसवलं. तोवर रेडिओ आला, ही आली, शेजारच्या दुकानातली माणसं आली. रिक्षा बोलावली. हाड मोडलेलं नाही, नशीब. घोटा मुरगळलाय, कमरेला मुका मार, कोपराला टाके.

दवाखान्यात सिस्टर एवढंच म्हणत होत्या, "एका पेशंटला आज लवकर बोलावलं होतं. हँडल सरळ करायला गेले, ते हललंच नाही. वाटलं जड गाडी आहे, म्हणून ओढलं, तर स्टँड सुटला आणि अख्खी गाडी अंगावर." मी म्हटलं, "आता बोलू नका, विश्रांती घ्या." बरोबरच होतं ना तसं म्हणणं? जखमी माणसाला बोलायला लावू नये.

लॉक उघडलं ते गाडी उचलण्यासाठी. लपवण्यासाठी नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना ही म्हणाली, "काल तुमच्या हातात किल्ली होती."

म्हटलं, "मग? निघालोच होतो दुकानात."

तिनं आमटी वाढली. मोटरसायकलवरून अजून राग धरून बसली असणार. बायकांच्या मनात कुठला धागा कुठे अडकेल, सांगता येत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सिस्टरांची मुलगी आली आहे. दूरच्या शहरात शिकवते, नवव्या मजल्यावर राहते. एकुलती एक. स्वभावानं वाईट नाही, पण घाबरट. घाबरलेलं माणूस फार प्रश्न विचारतं.

दुपारी सिस्टरांच्या खोलीत सगळे जमलो. सिस्टर उशीला टेकून बसलेल्या, पाय स्टुलावर. पुन्हा तेच म्हणाल्या, "हँडल लॉक होतं." मुलगी माझ्याकडे वळली. "काका, सगळ्यात आधी तुम्हीच पोचलात. लॉक होतं का?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. बोर्ड रंगवणारा मी. सभेत तावातावानं बोललेला मी. मी म्हटलं, "छे! लॉक कसं असेल? नियमच आहे ना आपला."

इतकं सोपं. शिंक यावी तसं तोंडातून गेलं.

रेडिओ लगेच म्हणाला, "मी आलो तेव्हा हँडल सरळ होतं. मी स्वतः पाहिलंय." झालं. साक्षीदार मिळाला. बिचारा खोटं बोलत नव्हता.

सिस्टर तडकल्या. "मला वेड लागलंय का? माझ्या हाताला कळत नाही, कुलूप म्हणजे काय आणि जड म्हणजे काय?" त्या जितक्या चिडत गेल्या तितकी मुलगी गप्प होत गेली. मी निघताना मला दाराबाहेर गाठून म्हणाली, "काका, खरं सांगा, हल्ली ती अशा गोष्टी ठामपणे सांगते का? म्हणजे, न झालेल्या?"

मी म्हटलं, "वय झालं म्हटल्यावर थोडंफार चालायचंच."

हे वाक्य परत वाचलं आणि वही मिटून टाकावीशी वाटली. चालायचंच? माझी जीभ झडली कशी नाही!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

इमारतीची सभा. रेडिओचा प्रस्ताव: 'ज्येष्ठांनी दुसऱ्यांच्या गाड्यांना हात लावू नये. मदतीसाठी हाक मारावी.' सगळ्यांना पटलं. काळजीपोटीच केलाय, वाईट हेतू कुणाचाच नाही. बोर्डावर लिहायचं काम अर्थात माझ्याकडे.

लिहिलं. सिस्टरांच्या खिडकीसमोर उभं राहून, ब्रश हातात धरून, सुवाच्य अक्षरात लिहिलं. खिडकीचा पडदा ओढलेला होता, पण पडद्याआड माणूस बसलं की कळतं.

परत आलो तर ही म्हणाली, "रंग अजून ओला आहे. पुसायचा तर आत्ताच पुसता येईल." मी म्हटलं, "मी काय असं वेडंवाकडं लिहिलंय?" ती खाली सिस्टरांची वेणी घालायला गेली. हल्ली रोज जाते. माझ्याशी मात्र कामापुरतं बोलते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रेडिओ तो रेडिओच. बातमी गल्लीभर झाली. आज दुकानात एक गिऱ्हाईक चष्म्याची काडी बसवायला आलं. म्हणालं, "तुमच्या त्या सिस्टर म्हणे हल्ली विसरतात. आमच्या आजीचं इंजेक्शन त्याच द्यायच्या, पण आता दवाखान्यातच नेतो बाबा. उगाच औषधाची अदलाबदल व्हायला नको."

मी स्क्रू बसवत होतो. तो दोनदा खाली पडला. बोललो एवढंच, "त्यांनी आजवर कधी चूक केलेली नाही." तो म्हणाला, "आजवर नाही हो."

त्याच क्षणी सांगता आलं असतं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. एक वाक्य. पण मग तो विचारणार, तुम्हाला कसं माहीत? आणि मग ते सगळं भडाभडा बाहेर येणार, बोर्ड, सभा, किल्ली. एवढी मोठी बाई माझ्यामुळे बदनाम होतेय आणि मी माझ्या अब्रूचा स्क्रू घट्ट करत बसलोय. माझी लाज वाटते मला.

मुलीनं डॉक्टर गाठलाय, डोक्याचा. तो म्हणे येऊन काय काय विचारून गेला. मुलगी अधूनमधून सहज विचारल्यासारखं विचारते, "आई, आज वार कोणता?" सिस्टर परवापर्यंत खवळायच्या. "मी तीस तीस पेशंटची औषधं तोंडपाठ ठेवलीत, मला वार विचारतेस?" आज हिनं सांगितलं, आता खवळत नाहीत. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात आणि मग सांगतात.

२३ फेब्रुवारी, रविवार

मला एक युक्ती सुचली. डोक्यात दोष नाही, डोळ्यात आहे असं निघालं तर? डोळ्यांचा काय, चष्मा बदलला की झालं. लोक म्हणतील, बाईंना नीट दिसलं नाही, बस्स. अक्कल शाबूत राहील, माणूस शाबूत राहील. आणि मीही सुटेन. हेही लिहितो, कारण ते खरं आहे.

नंबर तपासायची ट्रायल फ्रेम, भिंगांची पेटी आणि अक्षरांचा तक्ता घेऊन त्यांच्या घरी गेलो. "बसा सिस्टर, फुकट तपासणी." त्यांना मी आलेला आवडतो. अजूनही. तेच तर सगळ्यात वाईट आहे.

तक्ता लावला. सिस्टरांनी वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं. शेवटची ओळ तर मी रोज बघतो म्हणून मला पाठ, नाहीतर मलाही वाचता आली नसती. जवळचंही तसंच. चष्म्याचा नंबर जराही बदललेला नाही.

मुलगी आशेनं बघत होती. मी म्हटलं, "नंबर बराच वाढलाय."

सिस्टर म्हणाल्या, "अरे, मला तर सगळं दिसलं."

"तसं वाटतं सिस्टर. सवयीनं वाटतं."

त्यांनी चष्मा काढला, हातात फिरवून पाहिला, परत घातला. "हो का?" म्हणाल्या. पूर्वीच्या सिस्टरांनी माझा तक्ता माझ्या डोक्यात घातला असता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मुलीनं स्कूटरची किल्ली काढून घेतली. बरोबरच आहे की, नंबर बराच वाढलेल्या बाईला कोण स्कूटर चालवू देईल? आणि डोळे अधू, डोकं अधू, मग एकटं ठेवायचं कशाला? आठवड्याभरात आईला आपल्या घरी नेते म्हणाली. नववा मजला. खाली ओळखीचं कुणी नाही. सिस्टरांचं सगळं आयुष्य या तळमजल्यात आणि त्या स्कूटरवर.

रेडिओनं मला जिन्यात थांबवलं. "आतली कोपऱ्याची जागा रिकामी होईल हो. नियमानं तुमचा नंबर पहिला. सावलीची आहे. आता ओरखड्याची भीती नाही." माझ्या पाठीवर थाप मारली.

मी त्याचा हात झटकला आणि वर निघून आलो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानात दिवसभर चुका. एका गिऱ्हाइकाला डाव्याचं भिंग उजव्याला बसवून दिलं.

संध्याकाळी हिला म्हटलं, "तू माझ्याशी नीट का बोलत नाहीस?" ती म्हणाली, "मी तुमच्या बोलण्याची वाट बघतेय." मी म्हटलं, "मी बोलतोच आहे की!" त्यावर तिनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. हिचं काहीतरी बिनसलंय. आधी सिस्टरांचं निस्तरू दे, मग हिच्याकडे बघतो.

२ मार्च, रविवार

सांगितलं. सगळं सांगितलं.

सकाळी खाली गेलो तर सिस्टरांच्या दारात खोकी बांधून ठेवलेली. एका खोक्यात त्यांचा पांढरा जुना गणवेश घडी घालून ठेवलेला. तो बघितला. मागे फिरलो नाही.

मुलगी चहा घेऊन आली. मी म्हटलं, "बसा दोघी. ऐका. हँडल लॉक होतं. मीच केलं होतं, माझ्या गाडीला ओरखडा पडला म्हणून. गाडी उचलताना लॉक उघडलं आणि नंतर खोटं बोललो. आणि डोळ्यांचा नंबरही वाढलेला नाही. तेही खोटं."

मुलीचे डोळे भरून आले. म्हणाली, "काका, तुम्ही फार चांगले आहात हो. ती जाऊ नये म्हणून हे करताय, कळतंय मला. पण डॉक्टरांनी सांगितलंय, तिच्या भ्रमाला खतपाणी घालायचं नाही."

अरे देवा! खोटं बोललो ते क्षणात पटलं, आणि खरं बोलतोय तर चांगुलपणा ठरतोय! मी ओरडलोच. "भ्रम नाही! मी खोटारडा आहे, एवढं साधं आहे! त्यांचं पहिल्यापासून बरोबर होतं!" माझा आवाज ऐकून ही धावत खाली आली. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "हे खरं बोलताहेत. गाडी पडली तेव्हा मी यांच्या मागोमागच जिना उतरत होते. यांनी किल्ली फिरवली ती मी पाहिली."

 पहिल्या दिवसापासून माहीत होतं हिला! हिनं खाली मान घातली. "तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून थांबले. थांबायला नको होतं."

मग मुलीला पटलं. पांढरीफटक पडली. आम्हाला काय काय बोलली ते इथे लिहीत नाही. एकही शब्द जास्त नव्हता. मग आईच्या पायाशी बसून रडायला लागली. "आई, ऐकलंस ना? लॉकच होतं गं. तुला काही झालेलं नाही. तुझंच बरोबर होतं."

 मला वाटलं, आता सिस्टर माझे कान उपटतील, शिव्या घालतील. मला हव्या होत्या त्या शिव्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि हळूच म्हणाल्या, "असेल रे. तू म्हणतोस तर असेल."

५ मार्च, बुधवार

मुलगी एकटीच परत गेली. खोकी सोडली, स्कूटरची किल्ली आईच्या हातात दिली. आमच्याशी बोलली नाही.

मी सभा बोलावली आणि सगळ्यांसमोर कबूल केलं. पार्किंगचं काम काढून घेतलं, ते योग्यच झालं. बोर्डावरची ज्येष्ठांची ओळ पुसली. गाडी आता रस्त्यापलीकडे लावतो, उन्हात. मग ज्यांनी ज्यांनी सिस्टरांना बोलावणं बंद केलं होतं त्यांच्या घरी गेलो. दार उघडलं की एकच वाक्य, "सिस्टर ठणठणीत आहेत, खोटा मी." काहींनी तोंडावर दार लावलं. दोघांनी सिस्टरांना परत बोलावतो म्हणून सांगितलं. रेडिओही या वेळी कामाला आला, दुपारपर्यंत माझी छी थू गल्लीच्या टोकापर्यंत पोचली होती. होऊ दे.

९ मार्च, रविवार

ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडे सिस्टर गेल्या नाहीत. पाय दुखतो म्हणाल्या. पण पाय तर आता बरा आहे, परवाच ही त्यांना चौकापर्यंत फिरवून आणत होती.

१२ मार्च, बुधवार

माझ्या हातापायांना मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांनी मागेच व्हिटॅमिनची इंजेक्शनं लिहून दिली होती. मी टाळत होतो. आज मुद्दाम औषध आणि सुई घेऊन खाली गेलो. शर्टाची बाही वर करून बसलो. "चला सिस्टर. तुमच्याशिवाय मी कुणाकडून टोचून घेणार नाही."

त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी. साबणानं हात धुतले, कापूस घेतला. औषधाची छोटी बाटली उजेडाकडे धरून नाव वाचलं. सवयीची हालचाल, बघायला बरं वाटलं. मला वाटलं, आता सगळं रुळावर येईल.

मग त्यांनी नाव परत वाचलं. आणि परत एकदा. मग बाटली माझ्यापुढे धरली. "तू वाच रे जरा. हेच आहे ना ते?"

मी वाचलं. म्हटलं, "हेच आहे सिस्टर. तुम्ही वाचलंत तेच."

"नक्की?"

"नक्की."

सिस्टर बाटली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांचा हात थरथरत नव्हता, अगदी स्थिर होता. मी बाही वर केलेलीच होती. जरा वेळानं त्यांनी बाटली टेबलावर ठेवली, सुई परत वेष्टनात घातली आणि माझी बाही स्वतःच्या हातानं खाली केली.

"माझ्याच्यानं व्हायचं नाही आता," म्हणाल्या. "मुलीला फोन लावून दे मला. म्हणते, येऊन घेऊन जा."

मी खूप विनवलं. हात जोडले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, रडणाऱ्या पेशंटच्या फिरवतात तसा, आणि म्हणाल्या, "लाव रे फोन."

मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.